सुपारी गल्लीतल्या एकसारख्या पाट्या

आमच्या सुपारी गल्लीतल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या एकसारख्या करायचं वॉर्ड कचेरीनं ठरवलं, तेव्हा मी काही बोललो नाही. माझं दुकान जुन्या पुस्तकांचं. तिथे येणारी चार माणसं पाटी बघून येत नाहीत, आणि मी बोलल्यामुळे काही बदललं असं आजवर कधी झालेलं नाही. महिन्याभरात प्रत्येक दारावर एकाच मापाची पाटी चढली. निळी जमीन, पांढरी अक्षरं. फो नूडल्सवाला, न्हावी, दातांचा डॉक्टर, सगळ्यांना शाळेचा गणवेश चढवल्यासारखं झालं.

वाट लागली ती थोआताईंची. माझ्या शेजारी त्यांचं साखरपुड्याच्या सामानाचं दुकान आहे. साखरपुड्याला मुलाकडून पाच-सात जातात ती लाखेची लाल तबकं, त्यांवर घालायची मखमल, सुपारीचे घोस. मुलाकडची मंडळी स्कूटरवरून जाता जाता लाल पाटी दिसली की थांबायची. आता वर निळं-पांढरं, म्हणजे सुतकाचे रंग. त्यात पलीकडे वुओंगचं शवपेट्यांचं दुकान, त्याचीही पाटी हुबेहूब तशीच. लग्नसराईचा पहिला महिना कोरडा गेला. हा हंगाम हातचा गेला तर दुकानाला कुलूप लावून हाय फाँगला जावयाच्या दारात जाऊन पडावं लागेल, असं त्या म्हणाल्या.

"ख्येमदादा, तुम्ही एवढं वाचता. एक अर्ज लिहून द्या की."

मी आधी नियम आणून वाचले. चाळीस पानं. मग अर्ज सात वेळा लिहिला आणि सहा वेळा फाडला. मंगल कार्याला लाल रंग लागतो, एवढंच सांगायचं होतं. कचेरीत जायचा धीर होईना, तेव्हा थोआताईंनीच मला स्कूटरवर मागे बसवून नेलं. खिडकीतल्या क्वेनबाईंनी अर्ज वाचला आणि मुद्दा बरोबर आहे म्हणाल्या. परतताना मी जरा ताठच बसलो होतो.

तीन आठवड्यांनी कामगार शिड्या घेऊन आले. मुद्दा बरोबर होता, म्हणून त्यांनी अख्खी गल्ली लाल केली.

मला वुओंगला तोंड दाखवायची लाज वाटत होती. पण त्यानं वर एकदा पाहिलं आणि पुन्हा लाख चढवायला बसला. आमच्याकडे शवपेटीही लालच असते, वर सोनेरी नक्षी. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चाळीस पानं वाचणाऱ्या मला ते आठवलं नाही.

पुढच्याच मुहूर्ताच्या दिवशी खेड्यातून एक वऱ्हाड आलं. मुलाची आत्या पुढे होती. तिनं लाल पाटी पाहिली, आत लाखेची चमक पाहिली आणि सरळ वुओंगच्या दुकानात शिरली. वुओंगनं रिवाजाप्रमाणे हळू आवाजात कोणासाठी म्हणून विचारलं. मुलासाठी, आत्या म्हणाली. किती, त्यानं विचारलं.

"सात."

वुओंगच्या हातातला ब्रश थांबला. "एकाच घरात?"

मग आत्यानं आपण कशावर हात ठेवला आहे ते पाहिलं. अपशकुन झाला म्हणून साखरपुडा पुढे ढकलला. ही गोष्ट चार गावांत पसरली आणि थोआताईंकडे ठरलेली दोन गिऱ्हाइकं मोडली.

त्या येऊन माझ्यासमोर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दादा, पाटी निळी होती तेव्हा लोक येत नव्हते. आता येतात आणि पळून जातात."

मी कागद पुढे ओढला. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण लावून बाजूला ठेवलं.

संध्याकाळी वुओंग स्वतः शिडी लावून वर चढला. त्यानं आपली पाटी उतरवली आणि आत भिंतीकडे तोंड करून उभी केली. असं कसं चालेल, मी विचारलं. चालेल, तो म्हणाला. माझ्याकडे कोणी वर बघत येत नाही.

त्यानंतर गल्लीत लाखेचं लाल दुकान आणि त्यावर लाल पाटी, असं एकच उरलं. दोन आठवड्यांत थोआताईंची पाच घरची तबकं गेली. मग वुओंगला नोटीस आली. प्रत्येक दुकानाला नियमाप्रमाणे पाटी असलीच पाहिजे. नसल्यास कारण लेखी द्यावं. ती त्यानं माझ्याकडे आणली. पाटी परत चढली तर थोआताईंचं काय होईल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. कोणत्या कलमाखाली सूट मागावी याचा मी घोळ घालू लागलो, तेव्हा त्यानं मला थांबवलं.

"लिही, आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही."

मी तेवढंच लिहिलं आणि या वेळी एकटाच कचेरीत गेलो. क्वेनबाईंनी ते दोनदा वाचलं. हे आपल्या अधिकारात बसत नाही, वरच्या साहेबांना विचारावं लागेल, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी विचार करतो म्हणून सांगितलं आहे. याला आता सात महिने झाले. विचार चालू आहे तोवर पाटी उतरवलेलीच आहे, आणि थोआताईंनी मागच्या आठवड्यात मखमलीचा नवा तागा घेतला.