आधी दिवा उतरवा

पिंपळवंडीच्या शिवारात, उसाला लागून उभारलेल्या पत्र्याच्या मंडपात त्या गुरुवारीही पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक जुनं पेव होतं. पूर्वी लोक जमिनीखालच्या त्या खड्ड्यात ज्वारी साठवायचे. आता त्याला आतून सिमेंटचा गिलावा झाला होता, वर घट्ट बसणारं झाकण आलं होतं आणि नाव मिळालं होतं 'शून्यगुंफा'. आत कॅमेरा, बाहेर मोठा पडदा. पडद्यावर मांडी घालून बसलेला साधक, त्याच्यासमोर निरांजन आणि शेजारी निखाऱ्यांवर धुमसणारा धूप दिसत होता.

"देखिए, ज्योत पाहा!" अनाहतगुरू माईकवर गरजले. "साधक श्वासात उतरला की ज्योत साधकात उतरते! दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरांत बौद्ध भिक्षू हेच करत होते. आज परदेशात त्याला माइंडफुलनेस म्हणतात. तुमच्या दारात चालून आलंय, फक्त श्रद्धा हवी!"

ज्योत लहान झाली, कापली आणि कुणी फुंकर न घालता विझली. एकच जयघोष झाला. शिष्यांनी साधकाला वर ओढून काढलं. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि नजर ठरत नव्हती.

"परकास दिसला, राव," एवढंच बोलून तो मटकन खाली बसला.

मागच्या खांबाला टेकून प्राची हे पाहत होती. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं लक्ष मात्र गुरूंच्या पाटाशेजारी बसवलेल्या चांगदेवकडे होतं. चांगदेव ट्रॅक्टरचा मेकॅनिक, बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. मागच्या महिन्यात तो ज्योत विझल्यावरही झाकण न उघडता गुंफेत सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बसला आणि तेव्हापासून एक शब्द बोलला नव्हता. गुरूंनी त्याला 'मौनसिद्ध' ठरवून शाल पांघरली होती. लोक त्याच्या पाया पडत होते आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. बायको ती पदरानं पुसायची आणि कुणी बघितलं की कसनुसं हसायची. ते हसू प्राचीला बघवेना.

कारण येत्या पौर्णिमेला तिची आई, गजराबाई, चांगदेवपेक्षाही जास्त वेळ तिथं बसणार होती.

प्राचीचा धाकटा भाऊ भरत कळंबजवळ हायवेवर अपघातात गेला होता. गुंफेतल्या पहिल्याच बैठकीत गजराबाईंना त्याची हाक ऐकू आली. 'पौर्णिमेला दीर्घ बैठक करा, पोरगा समोर येऊन बोलेल,' असं गुरूंनी सांगितलं आणि त्या माउलीनं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

"आई, त्या दिवशी तू उलट्या करून बेजार झालीस," प्राची म्हणाली.

"मळ भायेर पडतो, म्हणत्यात गुरू."

"आणि चांगदेवभाऊ?"

"त्यो पोचला, बाई." गजराबाई म्हणाल्या. "तू बी रोज डोळं मिटून बसती की ओट्यावर. तुझ्या ध्यानात येतो का भरत? माझ्या येतो."

भरत गेल्यावर प्राचीची झोप उडाली होती, तेव्हा एका शिबिरात ती ध्यान शिकली होती. तिथं शिकवणारे म्हणाले होते, बुद्धानं एवढंच सांगितलं: श्वास जसा आहे तसा पाहा. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्यात काही मिसळू नका. त्या बसण्यानं दुःख गेलं नव्हतं, पण त्याच्याकडे बघता येत होतं. भरत मात्र एकदाही आला नव्हता, आणि आईचा तिला हेवा वाटला, हेही खरंच.

शेवटी ती स्वतः गुंफेत बसली. वर झाकण बसलं. ती रोजच्यासारखी श्वास पाहू लागली, आणि श्वासानंच तिला सावध केलं. तो आखूड झाला होता, धापा टाकत होता. कानशिलं ठणकत होती. कानात बारीक शीळ वाजायला लागली आणि त्या शिळेत, देवाशपथ, कुणीतरी 'ताई' म्हटल्यासारखं झालं. क्षणभर तिला तिथंच बसून राहावंसं वाटलं. त्याच मोहाची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. समोर ज्योत बारीक होत होती. तिनं दोन्ही मुठींनी झाकण बडवलं.

"ताईंचा अहंकार आडवा आला!" गुरूंनी जाहीर केलं. मंडप हसला.

दुसऱ्या दिवशी ती ठणकतं डोकं बांधून चुलते कुंडलिकनानांच्या विहिरीवर गेली. गाळ काढायचा होता. नानांनी माणूस उतरवण्याआधी दोरीला पेटता कंदील बांधून तळापर्यंत सोडला. तो जळत राहिला तेव्हाच गडी उतरला. हे ती लहानपणापासून बघत आली होती. हेच नाना दर गुरुवारी मंडपात विझलेल्या ज्योतीला हात जोडायचे. प्राची काठावर उभी राहून खाली जळणाऱ्या कंदिलाकडे बघत राहिली.

तिनं रात्री आईला समजावून पाहिलं. "तुझी शाळा शाळेत," म्हणून गजराबाईंनी कूस बदलली.

पौर्णिमेला गजराबाई नवं लुगडं नेसून पेवाच्या काठाशी बसल्या. खाली निखारे धुमसत होते. शिष्य त्यांना उतरवणार, इतक्यात प्राची पुढं झाली. ती गुरूंशी बोललीच नाही.

"नाना, विहिरीत कंदील विझला तर तुम्ही काय करता?"

"काय करनार? मानूस उतरवत न्हाई. हवा खराब असती खाली."

"आणि इथं विझला तर?"

कुंडलिकनानांचे जोडलेले हात तसेच राहिले. मंडपात चुळबुळ सुरू झाली. विहीर कुणाच्या रानात नव्हती?

"महाराज," नाना सावकाश म्हणाले, "आमच्यात मानसाआदी दिवा उतरतो. आज तसंच करू."

"रिक्त आसन अशुभ असतं! ऊर्जा बिघडते!"

"बिघडू द्या. माजी भावजय हाय ती."

आता गावकरीच उठून उभे राहिले. निरांजन खाली गेलं, झाकण बसलं. आत कुणी नव्हतं. पडद्यावर रिकाम्या आसनासमोर ज्योत थोडा वेळ नीट जळली. मग ती लहान झाली, कापली आणि विझली. कुणी जयघोष केला नाही.

"आता कुणात उतरली ज्योत?" प्राचीनं विचारलं.

"अदृश्य साधक…" गुरू चाचरले.

"मग काडा की त्याला भायेर," नाना कडाडले, "गुदमारला असंल!"

प्राचीनं सांगितलं ते शाळेतल्या पोरांनाही कळलं असतं. बंद खड्ड्यात निखारे प्राणवायू खातात आणि विषारी वायू सोडतात. त्याला ना रंग, ना वास. माणसाला भोवळ येते, उजेड दिसतो, आवाज ऐकू येतात. ज्योत हवा संपली म्हणून विझते आणि शिष्य लगेच झाकण उघडतात, म्हणून माणूस वाचतो. "आपल्या डोंगरातली लेणी बघा. भिक्षूंनी खोल्या कोरल्या त्या मोकळ्या ओसरीवर, समोर उजेड-वारा ठेवून. कुणी बुडाशी निखारे ठेवून वर झाकण लावलं नाही!"

तेवढ्यात चांगदेवची बायको उठली. तिनं नवऱ्याच्या अंगावरची शाल ओढून काढली. "मंग ह्यांना काय झालंय?" ती गुरूंना विचारत होती. "सांगा की. ह्यांना काय केलंत?"

गुरू गाडीकडे निघाले. लोकांनी वाट सोडली नाही; पोलीस येईपर्यंत त्यांना तिथंच बसवून ठेवलं. चांगदेवला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. विषारी हवेनं मेंदूला इजा झाली आहे, वाचा येईल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

घरी परतताना गजराबाईंनी एकच विचारलं. "मंग भरतची हाक?"

"तुझंच शरीर ओरडत होतं, आई. हवा मागत होतं."

गजराबाई बांधावर बसून पोटभर रडल्या. हल्ली त्या सकाळी लेकीशेजारी ओट्यावर बसतात. भरत येत नाही. श्वास येतो, जातो.

बाबांनो, ध्यान करायचं तर खुशाल करा. त्याला गुंफा लागत नाही, गुरूची गाडी लागत नाही. उघड्या दारात बसा आणि जे आहे ते पाहा. पण विहिरीच्या काठावरची अक्कल मंडपाच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवू नका. दिवा विझला तर हात जोडू नका. आधी झाकण उघडा आणि आतलं माणूस बाहेर काढा.