चौथ्या माणसाचा बेड

मी बोलतोय. टीव्हीकडे बघू नका, तो बंद आहे. डबलबेड आणि खिडकी यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरते ना, तिथे बघा. ज्याच्यावर गुडघा आपटल्याशिवाय कोणालाच खिडकीपर्यंत जाता येत नाही तो मी, एक्स्ट्रा बेड.

आता हे काय नाव झालं? जगात कोणी जादा म्हणून जन्माला येत नाही, मी मात्र कारखान्यातूनच जादा म्हणून निघालो. लोखंडी चौकट, मधोमध बिजागरी, खाली चार चाकं आणि वर तीन इंचांचा स्पंज. मिटला की उभा, उघडला की आडवा, याच्यापलीकडे मला तिसरं आयुष्य नाही. सतरा वर्षांपूर्वी आम्ही बाराजण एका टेम्पोतून या हॉटेलात आलो. आज तिघे उरलो आहोत, आणि त्यातल्या एकावर इस्त्रीच्या खोलीत चादरींचे गठ्ठे ठेवतात.

हे फॅमिली हॉटेल आहे, पाटीवर तसं लिहिलेलंच आहे. समोर रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे अम्यूझमेंट पार्क. खिडकी उघडली की राइडचा खडखडाट आणि माणसांच्या किंकाळ्या आत येतात. पाहुण्यांना पहिल्या दिवशी त्याची गंमत वाटते, दुसऱ्या दिवशी ते खिडकी लावून घेतात. मी सतरा वर्षं ते ऐकतोय. पैसे भरून ओरडायला माणसं इतक्या लांबून का येतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मला ढकलणारा माणूस एकच. सगळा स्टाफ त्याला मामा म्हणतो. त्याचे गुडघे आणि माझी चाकं एकाच वर्षी कुरकुरायला लागली. लिफ्टमधून नेताना तो माझ्याशी पुटपुटत असतो, चल बाबा, तुझी-माझी सुटका काही होत नाही.

माझ्यावर झोपतं कोण, ते सांगतो. तेरा, चौदा, पंधरा वर्षांचं मूल. आईबाबांच्या मध्ये झोपायला मोठं झालेलं आणि वेगळी खोली द्यावी इतकं मोठं न झालेलं. खोलीत शिरताच धाकटी भावंडं डबलबेडवर उड्या मारतात आणि हे दारात बॅग घेऊन उभं राहतं. मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं. ते येऊन माझ्यावर पडतं, भिंतीकडे तोंड करतं आणि कानात इअरफोन घालतं. निम्म्या वेळेला त्यात गाणं नसतंच. मग वडील म्हणतात, अरे, मजा करायला आलोय ना आपण, मग तोंड का पाडून बसलायस? हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की वडील लोकांना ते बुकिंगबरोबरच मिळत असावं.

दोनशे सात नंबरच्या खोलीत दरवर्षी एक कुटुंब येतं. बाबा, आई, मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून आईबाबाही दादाच म्हणतात. तिला सगळे बारकी म्हणतात. बारकी तान्ही होती तेव्हा सात वर्षांचा दादा डबलबेडवरून उठून पहिल्यांदा माझ्यावर झोपला, आणि मी त्याला मैदानाएवढा वाटलो. यंदा तो पंधराचा झाला आणि त्याचे पाय घोट्यापासून बाहेर लोंबायला लागले.

बाबांची पाठ हा त्या घरातला पाचवा माणूस आहे. तिला कडक गादी लागते, पट्टा लागतो, दुपारची गोळी लागते आणि तिला राइड चालत नाहीत. आईला चक्कर येते, असं घरात ठरलेलं आहे. म्हणून पार्कात आई बाकावर बसते. सगळ्यांच्या चपला, पाण्याच्या बाटल्या, ओले टॉवेल आणि चष्मे तिच्याजवळ असतात. संध्याकाळी ती खोलीत येते ती दोन्ही खांद्यांवर पिशव्या घेऊनच, आणि टेकायच्या आत कोणीतरी तिला काहीतरी मागतं. माझी गोळी, माझा चार्जर, माझा कोरडा फ्रॉक. ती डबलबेडच्या मधोमध झोपते. एका हाताशी बारकी, दुसऱ्या बाजूला बाबांची पाठ. कूस बदलायची तर तिला दोन्हीकडून परवानगी घ्यावी लागते.

आता दादाची गोष्ट. त्या पार्कात एक मोठी राइड आहे, आकाशात जाऊन उलटी होणारी. चार फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिथे सोडत नाहीत, आणि बारा वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठं कोणीतरी बसावं लागतं. दोन वर्षांपूर्वी, तेरा वर्षांचा असताना, दादा एकटाच त्या रांगेत उभा राहिला. परत आल्यावर त्याने जे वर्णन केलं ते ऐकून मलाच गरगरलं. वर गेल्यावर आपलं हॉटेल काडेपेटीएवढं दिसतं म्हणाला, पोट गळ्यात येतं म्हणाला. बारकी तेव्हा सहा वर्षांची होती. आ वासून ऐकत होती.

मग बाकीचे खाली पोहायला गेले आणि दादा माझ्यावर पालथा पडला. बराच वेळ त्याची छाती माझ्या स्पंजात धडधडत होती. बसायला हवं होतं, बसायला हवं होतं, असं तो उशीत पुटपुटत राहिला. तोंडाने माणूस खोटं बोलू शकतो, पण झोपायच्या जागेला सगळं कळतं. पोरगा त्या राइडमध्ये बसलेलाच नव्हता.

मागच्या वर्षी त्याने वेळ मारून नेली. बारकी दोन बोटं कमी पडत होती. तिला घेत नाहीत तर मीही नाही बसणार, असं तो छाती काढून म्हणाला. बाबांनी त्याची पाठ थोपटली. भाऊ असावा तर असा, असं आल्यागेल्याला सांगितलं. मला हसूही आलं आणि कीवही आली, कारण हे बिल एक वर्ष पुढे ढकललेलं होतं.

यंदा बारकी चार फुटांच्या वर गेली. खोलीत पाऊल ठेवल्यापासून तिचं एकच पालुपद सुरू होतं, उद्या मी आणि दादा. दादा हो म्हणत होता आणि माझी बिजागरी नखाने खरवडत होता.

सकाळी सात वाजता बारकी बूट घालून दारात तयार. दादा माझ्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, पोट दुखतंय म्हणून. बाबा बाथरूममधूनच म्हणाले की काल दोन-दोन आइस्क्रीम खाताना नाही दुखलं. वर्षभर राबायचं, तीन दिवस सुट्टी मिळते, त्यातही यांची दुखणी, असं बडबडत त्यांनी पट्टा बांधला आणि बारकीला घेऊन नाश्त्याला खाली गेले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि दमणूकच जास्त होती.

आई मागे राहिली. टॉवेलची घडी घालत माझ्या कडेवर टेकली. तिने त्याच्या कपाळाला हातसुद्धा लावला नाही. दादानेच सुरुवात केली.

"आई, मी त्या राइडमध्ये कधी बसलोच नाही."

"माहीत आहे मला."

तो उठून बसला. "कसं काय?"

"आयत्या वेळी घाबरलेल्यांना सोडायला तिथे बाजूला एक दार आहे ना, त्याच्या समोरच माझा बाक आहे." आईने दुसरा टॉवेल घेतला. "तिथून सारखं कोणी ना कोणी बाहेर येतच असतं. चांगले मिशीवाले बाप्येसुद्धा येतात."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू इतकं रंगवून सांगत होतास. म्हटलं, राहू दे."

दादाचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. बारकीला आता काय सांगू, असं त्याने विचारलं. खरं सांग, असं आई म्हणाली. तिचा हिरमोड होईल, तिच्याबरोबर बसायला दुसरं आहे कोण, बाबांना जमणार नाही, असं तो भराभर बोलत गेला.

"मी बसते," आई म्हणाली.

"तुला चक्कर येते ना."

आईचे हात थांबले. "चक्कर मला आयुष्यात एकदा आली. इथेच, त्या गोल फिरणाऱ्या कपांमधून उतरताना. बारकी पोटात होती, आणि ते मलाही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून तुम्ही मला त्या बाकावर बसवता."

"मग तू सांगायचंस ना."

"आणि चपला कोणी सांभाळल्या असत्या?"

ती हे रागाने बोलली नाही. पण सतरा वर्षांत त्या खोलीत मी ऐकलेलं ते सगळ्यांत थकलेलं वाक्य होतं. दादाने तिच्या मांडीवरचा टॉवेल उचलला आणि तो स्वतःच घडी घालायला लागला.

बारकी परत आली ती दादासाठी एक केळं घेऊन. दादा उठून उभा राहिला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही, हसण्यावारी नेलं नाही. माझ्यावर झोपलेल्या शेकडो पोरांमध्ये एवढं धाडस मी फारसं पाहिलेलं नाही. पण धाडसाला लगेच बक्षीस मिळतंच असं नाही. बारकी एक पाऊल मागे सरकली.

"मी अख्ख्या वर्गाला सांगितलंय," ती म्हणाली.

एवढंच. केळं तिने टेबलावर ठेवलं आणि आईचा हात धरला. बाबा दारात उभे होते. आई राइडमध्ये बसणार हे कळल्यावर ते म्हणाले, अगं, नसतं धाडस कशाला, चक्कर येईल. आली तर येईल, असं म्हणून आईने पिशव्या दादाच्या खांद्यावर दिल्या आणि सगळे गेले.

त्या दिवशी मी किंकाळ्या नीट कान देऊन ऐकल्या. त्यातली आईची कोणती, बारकीची कोणती, काही उमगेना. दुपारी मामा चादर बदलायला आला आणि माझ्यावर बसून गुडघे चोळत राहिला. पुढच्या आठवड्यात नवे सोफे येतायत, ओढला की बेड होतो, तुझं काम संपलं बघ, असं तो मला म्हणाला. मग उठून त्याने माझी चादर नेहमीपेक्षा जरा जास्तच नीट खोचली.

चार वाजता मंडळी परतली. सगळ्यांत आधी बाबा, एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी. पाण्यात पाय सोडून बसताना त्यांनी चपला दादाजवळ दिल्या होत्या, आणि दादाने सांभाळलेल्या सामानातून एक गायब झाली होती. त्यावर बाबा पुटपुटत होते आणि दादा दोन्ही खांद्यांवर पिशव्या घेऊन खाली मान घालून उभा होता. बाकावर बसणं दिसतं तेवढं सोपं नसतं, हे त्याला एका दिवसात कळलं असावं.

"आईने दोनदा केली," बारकी ओरडली. मग तिच्याकडून हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्यांदा दोघी बसल्या. बारकीने वर पोचायच्या आधीच डोळे मिटले ते खाली येईपर्यंत उघडलेच नाहीत. उतरल्यावर आई म्हणाली, आणखी एकदा? बारकीने साफ नकार दिला. तेव्हा तिला दादाजवळ बाकावर बसवून आई पुन्हा रांगेत उभी राहिली, एकटी. बाकावर बसल्यावर बारकी दादाशी दहा मिनिटं बोलली नाही. मग तिने विचारलं, तुझेपण पाय गार पडले होते का? दादा म्हणाला, हो, आणि हातसुद्धा. हे सांगताना बारकी पहिल्यांदा त्याच्या बाजूला सरकली.

आई खोलीच्या मधोमध उभी होती. केस सुटलेले, आवाज बसलेला. बाबांनी गोळी विचारली. बारकीने फ्रॉक मागितला. आईने डबलबेडकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आली आणि माझ्यावर आडवी झाली, खिडकीकडे तोंड करून.

"आई, तो माझा आहे," दादा म्हणाला.

"आज माझा. मला सहापर्यंत उठवू नका."

एका मिनिटात तिला झोप लागली. तिने एकदा कूस बदलली, कोणालाही न विचारता, आणि चक्क घोरायला लागली. माझ्यावर इतकी वर्षं माणसं नाइलाजाने झोपली. आपणहून मागून घेणारी ती पहिलीच. मला किती बरं वाटलं ते सांगताही येत नाही.

ती मंडळी माझे शेवटचे पाहुणे. आता मामा मला मिटून जिन्याखाली नेऊन उभा करेल, झाडू आणि फिनेलच्या कॅनशेजारी. मग उद्या-परवा भंगारवाला येईल. मला फारसं वाईट वाटत नाही, मी खरंच दमलोय. तुम्ही कधी अशा खोलीत उतरलात, तर बॅगा ठेवायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारा, तुला कुठे झोपायचंय, आणि उद्या तुला काय करायचंय. उत्तर आपल्याला माहीत आहे असं वाटलं तरी विचारा.

आणि त्या दिवसाचं विचाराल तर, गोळी शोधायला तिघांना वीस मिनिटं लागली. मग ते डबलबेडवर ओळीने बसून राहिले. सहा वाजले. सव्वासहा झाले. बाबांनी चहासाठी फोन उचलला आणि आवाज न करता परत ठेवला.

"दादा, सहा वाजले का रे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

दादाने समोरच्या घड्याळाकडे बघितलं.

"अजून नाही," तो म्हणाला. बारकीला घड्याळ चांगलं कळतं. तिनेही मान हलवली, नाही म्हणून.