उकळलेला दगड

मे महिन्यात फुलचूर गावात नळाला धड पाणी येत नाही, आणि आमच्या घरात मात्र समुद्र होता. टीव्हीच्या जागी, भल्यामोठ्या काचेच्या टाकीत. माझा नवरा प्रफुल्ल शाळेत विज्ञान शिकवतो, पण त्याचा जीव त्या टाकीत. मीठ मोजून पाणी कालवायचा. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी टाकीची मोटर, मग आमचा पंखा. आत दोन केशरी मासे, जिवंत पोवळी, आणि एका दगडावर हिरव्या बटणांसारखी दाटीवाटीने उमललेली पोवळी. दिसायला सुंदर, हे मी मान्य करते. पण ती टाकी डोक्यातही तितकीच जायची.

२०१३ सालची गोष्ट. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी प्रफुल्ल टाकीचं मीठ आणायला नागपूरला गेला. ती हिरवी बटणं बाकीच्या पोवळ्यांवर पसरायला लागली होती, म्हणून जाण्याआधी त्याने तो दगड काढून मोरीजवळच्या बादलीत ठेवला. "त्याला हात लावू नका," एवढं म्हणाला. का, ते सांगितलं नाही. हा माणूस टाकीच्या काचेलाही कुणाला हात लावू देत नाही, तेव्हा मीही विचारायच्या भानगडीत पडले नाही.

माझ्या सासूबाई कलाबाई. पौर्णिमेला विहारात जायचं तर नेसायचं पातळ बगळ्यासारखं पांढरं हवं, हा त्यांचा हट्ट. आदल्या दिवशी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, सोडा टाकून पांढरे कपडे उकळायचे. बाहेर गरम वाऱ्याची लू चालत होती, म्हणून दारंखिडक्या बंद करून त्यांनी गंज गॅसवर चढवला. कपडे निघाले तरी ते गरम पाणी फेकणं त्यांच्या जिवावर यायचं. मग त्यात पायपुसणी जायची, पोतेरी जायची.

मी पुढच्या खोलीत कूलरसमोर झोपले होते. खोकल्याने जाग आली. सडक्या मासळीसारखा वास घरभर पसरला होता.

"काय उकळून राहिल्या आई?"

"तो दगड वं. कसा बुळबुळीत होता! घाण निघाली का बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवतो." आई गंजावर वाकून उलथण्याने दगड फिरवत होत्या. बोलताबोलता त्यांना ठसका लागला, तो थांबेचना.

मी त्यांना धरून पुढच्या खोलीत आणलं. थोड्या वेळाने त्या गोधडी मागू लागल्या. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि आईंचे दात वाजत होते. शेजारच्या जमुनाबाई धावत आल्या. "लू लागली बुढीले," म्हणाल्या. तळपायाला कांदा चोळला, आंब्याचं पन्हं पाजलं. आईंनी एक घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"लोखंडावानी लागते."

मीच केलेलं पन्हं. मी चाखून बघितलं. माझ्याही जिभेवर लोखंड होतं, आणि ओठांना मुंग्या येत होत्या. मला तर ऊन लागलं नव्हतं.

मी प्रफुल्लला फोन लावला. दगडाचं सांगितलं. तो परतीच्या गाडीत होता.

"उकळला?" त्याचा आवाज मी ओळखलाच नाही. "रश्मी, सगळे बाहेर पडा. आत्ता. त्या बटणांत विष असते. वाफेतून चढते. गॅस बंद आहे ना?"

गॅस बंद नव्हता. मागे गंज खदखदत होता.

जमुनाबाईंनी आईंना ओढत बाहेरच्या ओट्यावर नेलं. मी पदर ओला केला, नाकातोंडावर गुंडाळला आणि आत गेले. स्वयंपाकघर वाफेने पांढरं झालं होतं. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही. श्वास रोखून, चाचपडत गेले, गॅसचं बटण फिरवलं आणि पळाले. बाहेर येऊन पायरीवर ओकले.

दवाखान्यात डॉक्टर आधी मलेरिया म्हणाले, मग ऊन. मी ओरडलेच त्यांच्यावर, "अहो, विषाची वाफ गेली आहे त्यांच्या छातीत!" बिचारे चिडले नाहीत. नागपूरला कुण्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला, आणि फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. "याला उतारा नाही. श्वास चालू ठेवायचा, बस."

आईंच्या तोंडावर ऑक्सिजन लावला. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती, आणि मध्येच थांबल्यासारखी वाटायची. ती पुन्हा हलेपर्यंत मी जागची उठत नव्हते. संध्याकाळी प्रफुल्ल आला. मिठाची पिशवी तशीच खांद्यावर होती. मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.

आई वाचल्या. घरी आल्या तेव्हा चार पावलांवर धाप लागत होती. तोवर प्रफुल्लने हातमोजे घालून गंज आणि दगड लांब नेऊन पुरले होते. टाकी मात्र जागेवरच होती, निळी, लखलखीत, बुडबुडे सोडत. आई भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहिल्या.

"तुले ठाऊक होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

प्रफुल्लने मान खाली घातली. खोटं बोलायची त्याला सवय नाही. "सांगतलं असतं, त तुम्ही टाकी ठेवूच देली नसती."

आईंनी आपली गोधडी उचलली आणि धापा टाकत दाराशी जाऊन बसल्या. मला रडू आलं, रागाने की भीतीने ते कळलं नाही.

"आणखी काय आहे त्या टाकीत, जे तुम्ही आम्हाला सांगितलं नाही?" मी विचारलं.

त्याने टाकीकडे पाहिलं. आता "काही नाही" म्हणेल, म्हणून मी वाट बघत राहिले. तो म्हणाला नाही.