सगुणाच्या बाजूचे घड

सगुणा भाद्रपदात गेली. दसऱ्यानंतर बागेची छाटणी आली ती मी एकट्याने केली. माणसं मिळत होती, पण मला घरात बसवत नव्हतं. भाकरी तव्यावर टाकली की मध्येच उठून बागेत जायचो. परत येईपर्यंत ती करपलेली असायची.

बाग म्हणजे दिंडोरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर एक एकर मुरमाड रान. आधी तिथे नागली व्हायची. वाइन करणाऱ्या एका कंपनीने २००३ साली शिराझची रोपं दिली. काळं, बारीक मण्याचं, जाड सालीचं द्राक्ष. वरच्या कडेच्या चार ओळी सगुणाने एकटीने लावल्या.

त्याआधी पंधरा वर्षं आम्ही दोघं निफाडला खाण्याच्या द्राक्षांच्या बागांत मजुरीला जात होतो. आमचा हात डिपिंगवर बसलेला. मणी ज्वारीएवढे झाले की जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, पाण्याने भरलेला मग खालून वर न्यायचा आणि घड त्यात बुडवायचा. त्याने मणी फुगतो. ओळीच्या एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ती. पानांमुळे तोंड दिसायचं नाही. तिचा हात आणि हातातला मग तेवढा दिसायचा.

"मागं राहिले तुम्ही," ती पलीकडून म्हणायची. "झोपले का काय?"

"तू घड सोडून पळती, म्हणून पुढं हाय."

"मग या इकडं, मोजून दाखवा सोडलेले."

एकही सुटलेला नसायचा.

२००५च्या मार्चमध्ये कंपनीने आम्हा बागवाल्यांना वाइन चाखायला बोलावलं. आमच्या भागाच्या बागा बघणाऱ्या पल्लवीताईंनी आधी पांढरी शेनिन दिली. जरा गोडसर, तिखटाबरोबर चालते म्हणाल्या. मग काळी शिराझ आणि तिच्यासोबत चीजचे तुकडे. सगुणाने चीज खाल्लं आणि तोंड वाकडं केलं. पिशवीतून आमची शिदोरी काढली. नागलीची भाकरी आणि भुजं. भुजं म्हणजे भाजलेल्या उडदाची घट्ट आमटी. एक घास, एक घोट, असं तिने दोनदा केलं.

"ताई, ह्याला ते साबणासारखं नको. ह्याला भुजं पाहिजे. दोन्हीला धुराचा वास हाय."

पल्लवीताईंनी खाऊन पाहिलं आणि खरंच वहीत लिहून घेतलं. "मावशी, तुमच्या ओळींची वाइन आली की जेवण तुमच्याकडे."

"येऊ द्या तर. भुजं मीच करणार."

पाच महिन्यांनी तिला कावीळ झाली.

म्हणून मला एवढंच करायचं होतं. तिच्या चार ओळींची काळी वाइन व्हावी आणि त्या वाइनसोबत भुजं वाढावं. बाकी काही सुचत नव्हतं.

डिसेंबरात मणी ज्वारीएवढे झाले. मी बागेत उभा होतो आणि हाताला काम नव्हतं. वाइनच्या बागेत डिपिंग करायचं नसतं. मणी जेवढा बारीक तेवढा रंग आणि चव जास्त. पल्लवीताईंनी हे चार वेळा सांगितलं होतं, मला पाठ होतं. तरी मी दिंडोरीला जाऊन जीए घेऊन आलो. खुंटीवरचे आमचे दोघांचे मग काढले. तिच्या चार ओळी माझ्या बाजूने बुडवत गेलो. टोकाला पोचलो की वळसा घालायचा, दुसरा मग घ्यायचा आणि तिच्या बाजूने परत यायचं. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी पोटभर जेवलो.

फेब्रुवारीत पल्लवीताई साखर मोजायला आल्या. खालच्या ओळींत बावीस भरली. वरच्या ओळींत सतरा. त्यांनी मणी चिमटीत धरून पाहिला.

"काका, हे मणी एवढे कसे फुगले?"

"वरून पाणी झिरपत असंल."

"डोंगराला फेब्रुवारीत पाणी?"

पल्लवीताई ओळीतून पुढे चालत गेल्या, एकेक घड उचलून बघत. मग थांबल्या.

"जीए मारलं ना?"

"डिपिंग केलं," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या माझ्याकडे न बघता रसाची साखर मोजायचं भिंग पुसत राहिल्या.

"काळीत नाही घेता येणार हे. रंगच नाही उतरणार. गुलाबी वाइन होईल, पण त्याला आत्ताची साखर पाहिजे, उद्या सकाळी तोडावी लागेल."

"वीस दिवस थांबलो तर?"

"साखर चढेल थोडी. मणी काही बारीक होणार नाही. सडायला मात्र लागेल."

रात्रभर मी ओट्यावरून बागेत, बागेतून ओट्यावर करत होतो. गुलाबी तिने कधी चाखली नव्हती. पण घड वेलीवर सडलेले तिने पाहिले असते तर मला घरात घेतलं नसतं. उजाडायला कात्री घेतली आणि तिच्या बाजूने तोड सुरू केली. उन्हं चढायच्या आत क्रेट गाडीत गेले.

एप्रिलच्या शेवटी कंपनीत जेवण ठेवलं. मी भुजं करून नेलं. तिसऱ्या खेपेला जमलं होतं. पल्लवीताईंनी टाकीतून काढलेली गुलाबी ओतली. मी भुज्याचा घास खाल्ला आणि घोट घेतला. वाइनची चवच लागली नाही. पाणी प्यावं तशी गेली.

"जमत नाय," मी म्हणालो.

"नाही जमत," त्या म्हणाल्या.

मी उठायलाच लागलो. बागेची उन्हाळ्यातली खरड छाटणी अर्धी राहिली होती, तेच निमित्त सांगितलं.

"काका, वेल कुठे पळून जात नाहीत. त्या फडक्यात काय आहे?"

फडक्यात माझी रोजची शिदोरी होती. भाकरी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी आणि कांदा. मला तेवढंच करता येत होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला, घोट घेतला, आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मी पुन्हा बसलो. या वेळी वाइनची चव लागली. आंबटसर होती, आणि चटणीचा तेलकटपणा तोंडातून धुवून नेत होती.

"चटणी कोणी केली?"

"मीच. सगुणाची ह्याच्यापेक्षा बारीक असायची."

त्यांनी वही काढली. भुज्याचं पान उघडून त्याच्याखाली खुरासणी लिहिलं.

"पुढच्या वर्षी काळी होऊ द्या," त्या म्हणाल्या. "भुजं तेव्हा परत आणा. आणि डिपिंगचे ते मग माझ्याकडे देऊन ठेवा."

"एक देतो," मी म्हणालो.

मग भाकरी संपेपर्यंत बसून राहिलो.