साहेब आले की भरला जाणारा रांजण

मित्रांनो, मी चांदूर रेल्वेकडच्या एका शेताच्या बांधावर पालथा पडलेला अर्धा रांजण आहे. माझ्यावर पाखरे बसतात, शेरडे अंग घासतात. त्याचे मला दुःख नाही. ज्या बाईने मला फोडले तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो वेगळ्याच लोकांवर, आणि इतकी वर्षे झाली तरी तो निवलेला नाही.

माझा जन्म धामणगावच्या कुंभारवाड्यातला. भागीरथा कुंभारणीने मला थापीने हळूहळू वाढवले. भाजून आव्यातून काढल्यावर तिने बोटाने टकटक करून पाहिले आणि म्हणाली, "याच्यातलं पाणी पेईन त्याचा जीव थंड होईन." मी ते शब्द खरे मानले. नवा होतो, भोळा होतो.

खुशालराव पाटलांनी मला बाजारातून बंडीत घालून आणले ते तहानलेल्यांसाठी नव्हे, साहेबासाठी. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षे झाली होती. शेतावरच्या मजुरांना पिण्याचे पाणी मिळते का, सावली मिळते का, हे पाहायला अमरावतीहून एक सरकारी साहेब यायचा होता. कोतवालाने आदल्या दिवशीच वर्दी दिली आणि पाटलांची धावपळ उडाली. निंबाखाली पळसाच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहिला, मांडवात मी, माझ्यावर घासलेला पितळी गडू. साहेब जीपमधून उतरले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "वा! मजुरांची काळजी घेणारे मालक असे हवेत." खोटे कशाला बोलू, माझी छाती फुगली.

जीपची धूळ खाली बसायच्या आत माझ्यातले पाणी मिरचीच्या वाफ्यात ओतले गेले. मांडव मोडून डहाळ्या बकऱ्यांपुढे पडल्या. मला बंडीत टाकून घरी नेले. आणि दिवसभर उन्हात वाकून निंदण करणाऱ्या बाया? त्या बैलांच्या डोणीत ओंजळ घालून पाणी प्याल्या. बैलांचे झाल्यावर, बरे का! असे दरवर्षी चालले. साहेब यायचे तेव्हा मी मजुरांचा रांजण, एरवी पाटलांच्या गोठ्यातले अडगळीचे भांडे.

एका वर्षी कपाशीवर अळी पडली. फवारणीचे औषध आले. ते कालवायचे लोखंडी पिंप गळत होते, म्हणून पाटलांनी गड्याला माझ्याकडे बोट दाखवले. औषध माझ्यात कालवले की पाणी ताकासारखे पांढरे व्हायचे, आणि घासलेटासारखा उग्र वास सुटायचा. मित्रांनो, भाजलेल्या मातीत जे मुरते ते मुरतेच. पंप पाठीला लावून फवारणाऱ्या भगवंत नावाच्या गड्याला घेरी आली, उलट्या झाल्या, तो घरी अंथरुणाला खिळला. त्याची बायको पंचफुला त्याचे कपडे धुताना नाकाला पदर लावायची, असे मी गोठ्यातल्या बोलण्यात ऐकले.

दसरा झाला, कापूस फुटला आणि वेचणीचा पहिला दिवस ठरला. आमच्या वऱ्हाडात पहिला कापूस वेचण्याआधी बाया शेतात सीतादही करतात. झाडापाशी दहीभात ठेवतात, भोवती पाण्याची धार धरतात, हात जोडतात, मगच वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधतात. पाटलांना वाटले, साहेबाला दाखवायला यासारखा देखावा नाही. त्यांनी नेमका तोच दिवस साहेबांना कळवला. एका गड्याने मला राखेने घासले, दोनदा विसळले आणि विहिरीच्या पाण्याने भरून निंबाखाली ठेवले. साहेबांची जीप आली, साहेब आणि पाटील सावलीत येऊन उभे राहिले.

मला तोंड केवढे मोठे, पण आवाज नाही. त्या दिवशी मी मनातल्या मनात किती ओरडलो असेन! कारण सगळ्यांत आधी माझ्याकडे आली ती वच्छला, पंचफुलाची सून, दिवस भरत आलेली. गावापासून उन्हात चालत आलेली पोर. तिने गडू भरला आणि ओठांकडे नेला.

पंचफुला धार धरण्यासाठी तोच गडू मागायला आली होती. वास तिच्या नाकात शिरला मात्र, तिने सुनेच्या हातावर फटका मारला. गडू खाली पडला.

"पेली का तू? थुक! थुक आधी!"

"नाई वं माय, अजून कुठं पेली?" वच्छला रडकुंडीला आली.

"सायेब, याच्यात दवाई कालवली हाये," पंचफुला म्हणाली. "माह्या मानसाच्या कपड्याले हाच वास येते."

"धुतला नं तो!" पाटील गरजले. "राखेनं घासला! सायबासमोर काहून तमाशा करून राहिली?"

साहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, "बाई, रांजण आहे, पाणी आहे, सावली आहे. आणखी काय हवे?"

पंचफुलाने खाली पडलेला गडू उचलला, माझ्यात बुडवून भरला आणि साहेबांपुढे धरला. "उनातून आले तुमी. तहान लागली असन. घ्या."

साहेब दोन पावले मागे सरले. "मी आताच पाटलांकडे चहा घेतला."

"मंग पाटील, तुमी घ्या."

पाटलांनी हात पाठीमागे नेले. पंचफुलाने गडू ओतून दिला, बांधावरचा गोटा उचलला आणि माझ्या पोटावर घातला. मी फुटलो. खरे सांगतो, इतके हलके मला कधीच वाटले नव्हते.

आणि साहेबांनी काय लिहिले? "मालकाने पाण्याची सोय केली होती. मजुरांनी नासधूस केली." हे त्यांनी जाताना पाटलांना मोठ्याने वाचूनही दाखवले! विष कालवणारा सुटला, विष ओळखणारी गुन्हेगार ठरली. माझ्या खापऱ्या आजही या आठवणीने तापतात, त्या काही नुसत्या उन्हाने नव्हे.

बायांनी दहीभात उचलला आणि त्या निघून गेल्या. बोंडे फुटून कापूस मातीत गळू लागला, तरी एकही बाई फिरकली नाही. शेवटी पाटलांच्या घरधनीण मैनाबाई स्वतः पंचफुलाच्या दारात गेल्या. पंचफुलाने एकच अट घातली, "नवा रांजण ठेवा. रोज पयला गडू तुमच्या घरचं मानूस पेईन, मंग आमी."

मैनाबाईंनी ती पाळली. वेचणी संपेपर्यंत रोज सकाळी त्या शेतात यायच्या, सगळ्यांदेखत गडूभर पाणी प्यायच्या आणि मग वच्छलेच्या हाती गडू द्यायच्या. वच्छलेला पुढे मुलगी झाली, धडधाकट.

साहेब पुढच्या वर्षी पुन्हा आले. नवा रांजण पाहिला, मान डोलावली, "पाण्याची सोय आहे" असे लिहिले आणि जीपमध्ये बसून गेले. आता ते खरे होते, पण खरे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी याही वेळी पाणी चाखले नव्हते.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणी साहेब होऊन एखाद्या शेतावर तपासणीला गेलात, तर मजुरांच्या रांजणातले गडूभर पाणी आधी स्वतः प्या आणि मग लिहा. पिववले नाही, तर तसेच लिहा.