जपानी साहेबाची बारा चित्रं
१९९८ साली दुबईतल्या रास अल खोरच्या एका फ्रेमच्या वर्कशॉपमध्ये सुधाकर आणि त्याचा मावसभाऊ रमाकांत कामाला होते. एका जपानी साहेबाची जुनी चित्रं फ्रेमिंगला आली होती. लाकडी ठशांनी छापलेली, त्यांच्याकडच्या बारा वर्षांची बारा जनावरं: उंदीर, बैल, वाघ... रमाकांतचा जन्म वाघाच्या वर्षातला, असं साहेबानं सांगितलं, तेव्हा तो दिवसभर मिशीला पीळ देत हिंडला.

एका दुपारी थिनरनं पेट घेतला. सगळे बाहेर धावले. मालक शेट्ये ओरडले, "चित्रं आत राहिली! यल्ला, काढा ती!"

सुधाकर दारातच थबकला. रमाकांत आत शिरला. त्यानं खिडकीतून चित्रांचा गठ्ठा फेकला, सुधाकरनं तो झेलला, आणि छप्पर कोसळलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. "एकही चित्र खराब झालं नाही," शेट्ये त्याला इंग्रजीत सांगत होते. साहेबानं चित्रांकडे पाहिलंच नाही. तो सुधाकरपुढे मान झुकवून बराच वेळ उभा राहिला.

संध्याकाळी सुधाकरनं गावी फोन लावला. मावशीनं रडत विचारलं, "आगीत कशाला शिरला रे तो? आत कोणी अडकलं होतं का?"

"हो मावशी," सुधाकर म्हणाला. "एक माणूस होता. वाचला तो."