नागली अजून बाहेरच आहे

मी थाळी बोलतेय. काशाची. पिंपळनेरच्या पलीकडं, डोंगराच्या पोटातल्या एका पाड्यावर शाळा आहे, तिच्या दारातल्या महूच्या झाडाला मी टांगलेली आहे. शाळा भरली की मला ठोकतात, सुटली की ठोकतात, मधल्या सुट्टीला दोनदा ठोकतात. चौथीपर्यंतच्या सगळ्या कविता मला पाठ आहेत. पण मी शाळा शिकलेली नाही. मला शाळेनं सोडवलं, ते माझ्या कामातून.

माझं काम ठोकून घ्यायचं नव्हतं. हिलालच्या बापानं मला पिंपळनेरच्या बाजारात कासाराकडून घेतलं, ते जेवायला नव्हे. त्या घरात माझ्यावर भाकर कधी पडली नाही. सुगी झाली की धुरपदाबाई, हिलालची बायको, रानमेण चुलीपाशी धरून मऊ करायची आणि माझ्या मधोमध त्याचा गोळा चिकटवायची. त्यात एक वाळकी सरकांडी, बोरूसारखी लांब काडी, उभी रोवायची. मग हिलाल बोटांना राख लावून ती सरकांडी वरून खाली ओढायचा. ओढली की मी घुमायची, मोहळ उठल्यासारखी. त्या घुमण्यावर हिलाल कथा सांगायचा. समोर बसून धुरपदा दर ओळीला "हूं" म्हणायची. हूं तुटला तर कथा अडते, म्हणून ती खोकलासुद्धा दाबून धरायची.

कथा एकच, पण लांब. नागली, म्हणजे आमची नाचणी, रुसते. सात बहिणींच्या घरात कुणीतरी तिला पायानं सारलं म्हणून ती उठून डोंगर उतरून जाते. थोरल्या सहाजणी हात झटकतात. धाकटी तिला शोधायला निघते, तीन नद्या ओलांडते आणि तिला समजावून घरी आणते. नियम सगळ्या पाड्याला ठाऊक होता: नागली घराबाहेर पडली की कथा मधे सोडायची नाही. आणि ज्या थाळीवर ती निघाली, त्याच थाळीवर परत यायची. दुसरी थाळी चालत नाही.

त्रेपन्न साली शाळा आली. शाळेबरोबर शालिग्राम मास्तर आले, रावेरकडचे, केळीच्या बागांतले. माणूस गोड. फार गोड. एक दिवस हिलालच्या ओट्यावर बसून म्हणाले, "हिलालबाबा, तुमच्या कथा म्हणजे सोनं आहे. हे सोनं शाळेत शिकवलं पाहिजे. आठवड्यातून एक तास तुम्ही यायचं, मुलांना थाळी शिकवायची. तुमच्यामागं ही विद्या राहिली पाहिजे की नाही?"

हिलालला मूल नव्हतं. मास्तरांनी बरोबर तिथंच हात घातला.

"आनि थाळी?" धुरपदानं विचारलं.

"थाळी शाळेतच राहू द्या. दर वेळी कुठं डोंगर चढून आणाल?"

हिलालनं मला स्वतः उचलून नेलं. वाटेत दोनदा धोतरानं पुसलं. मी त्याच्यावर रागावले आहे, पण हे सांगितलंच पाहिजे.

आठवड्यातून एक तास म्हणाले होते, तो तास कधी आलाच नाही. गणित राहिलंय, परीक्षा आहे, या आठवड्यात नको. हिलाल दर गुरुवारी येऊन पडवीत बसायचा आणि पाणी पिऊन परत जायचा. शेवटी पौषात शाळा तपासायला धुळ्याहून साहेब यायचे ठरले, तेव्हा मास्तरांना माझी आठवण झाली.

साहेब आले. खुर्ची, हार, नारळ. हिलालनं नवा फेटा बांधला होता. धुरपदा मुलांच्या मागं बसली, हूं म्हणायला. हिलालनं बोटं ओढली आणि मी घुमले. एवढा वेळ गलका करणारी साठ पोरं गप्प झाली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. काही पोरं तर आपणहून हूं म्हणायला लागली. नागली रुसली, उठली, उंबरा ओलांडला, डोंगर उतरली. पहिल्या नदीपाशी आली.

आणि साहेबांनी हात वर केला.

आमच्याकडं कथा चालू असताना कुणाला दाणे वाहायचे असले की तो हात वर करतो. सांगणारा थांबतो. दाणे वाहून झाले की पुढं. हिलाल थांबला. मान लववून वाट पाहत राहिला.

साहेब म्हणाले, "वा, छान. चला, पुढचं काय आहे?"

पुढचं म्हणजे लेझीम होतं. पोरं उठली. हिलाल तसाच बसलेला, बोटं सरकांडीवर. मास्तर वाकून त्याच्या कानात म्हणाले, "बाबा, उठा आता. राहिलेलं उद्या."

घरी निघताना शाळेच्या दारातच धुरपदा त्याला म्हणाली, "तुमी थांबनात कसाले?"

"सायबनी हात वर कया. माले वाटनं, दाना वाही राहिना."

"त्यानी मूठमा दाना व्हतात का? पाह्यनं नही?"

हिलालनं पाहिलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या मुठीत काही असतं, असं धरूनच चालायची त्याला सवय. सगळ्या पाड्यालाच.

दुसऱ्या दिवशी तो आला. "मास्तर, कथा अर्धी राहिनी. नागली बाहेर शे. तिले घर लयनी पडी."

"आज नाही जमणार, बाबा."

"मंग थाळी द्या. घर बशीसन पुरी करस, आनी परत दिस."

"अहो, साहेबांनी पाहिलेली वस्तू आहे ती. आता शाळेची झाली. मला देता येते का?"

माझ्यावरचं मेण मास्तरांनी चाकूनं खरवडलं, चिंच लावून मला चकचकीत केलं आणि भिंतीवर अडकवलं. खाली कागद लावला: 'आमचा लोककलेचा वारसा'. त्या कागदाकडं पोरं यायची ती माझ्यात तोंड बघून भांग पाडायला.

पुढच्या भादव्यात पाऊस गेला. नागली वितभर वाढली आणि वाळली. आता बघा पाड्याची तऱ्हा. ज्या थोरांनी मला खुशाल शाळेत जाऊ दिलं होतं, तेच हिलालला बोल लावायला त्याच्या दारात येऊन उभे राहिले. पुढं उखर्डू कारभारी, त्याचा सख्खा मोठा भाऊ. भांग पाडायला आलेल्या पोरांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं.

"नागलीले तू बाहेर सोडं," उखर्डू म्हणाला.

"तं मास्तरकडथीन थाळी आनी द्या, भाऊ. आजच घर लयस."

झालं. कारभाऱ्याचा आवाज खाली आला. "मास्तरले कसं बोलवो? मना नातू शे तठे. आते पोऱ्या सायब व्हतीन, हिलाल. थाळीन्या कथा ऐकीसन कोन सायब व्हयना?"

म्हणजे पीक जळालं ते कथेमुळं, आणि कथा पुरी करू द्यायची नाही ती शाळेमुळं. दोन्हीकडून मार हिलालला. सुगीला त्याला बोलावणं बंद झालं. या पाड्यातल्या म्हाताऱ्यांइतकी भित्री जात मी पाहिली नाही. देवाला घाबरतात, मास्तरांना त्याहून जास्त.

मग शाळेचा रुळाचा तुकडा चोरीला गेला. घंटा म्हणून तोच ठोकायचे. नवा येईपर्यंत काय करायचं? मास्तरांची नजर भिंतीवर गेली. लोहाराला बोलावून माझ्या काठाला भोक पाडलं. "तात्पुरतं," मास्तर म्हणाले. त्या तात्पुरत्याला आता पाच वर्षं होत आली.

काशाला मार सोसत नाही. हे हिलालच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही कळलं असतं, पण पाळणा हलला नाही आणि ज्यांना शिकवलेलं होतं त्यांना कळलं नाही. यंदा, साठ सालच्या मे महिन्यात, नवं राज्य झालं. झेंडा, पेढे, भाषण. मास्तर म्हणाले, आपली गाणी, आपल्या कथा जपणं हे आता आपलं कर्तव्य आहे. आणि आनंदाच्या भरात एका दांडगटाला सांगितलं, "वाजव रे, थांबू नकोस!" तो थांबला नाही. मला काठापासून मध्यापर्यंत चीर गेली. भाषणाला टाळ्या पडल्या, त्यात ते कुणाला ऐकू आलं नाही.

चार दिवसांनी, शाळेला सुट्टी लागल्यावर, भर दुपारी दोघं आली. हिलाल काठी टेकत, धुरपदा पदरात काहीतरी घेऊन. तिनं मला झाडावरून काढलं. पदरातलं मेण उन्हातच मऊ झालं होतं. तिनं ते भोकावर लिंपलं, चिरेवर लिंपलं, मधे गोळा लावला, सरकांडी रोवली.

"बसा. आते कोनी हात वर करत नही," ती म्हणाली.

हिलालनं बोटं ओढली. मी खरखरले. जेवढं घुमता आलं तेवढं घुमले. त्यानं ओळ धरली: नागली पहिल्या नदीपाशी आली.

"हूं," धुरपदा म्हणाली.

नागली पहिल्या नदीपाशी आली.

"हूं."

तिसऱ्यांदा तीच ओळ म्हणाला आणि बोटं थांबली. "पुढे काय शे व?"

"आसं काय करतस? तुमलेच ठावकं."

"माले याद येत नही. सहा वरीस तोंडमा लयनं नही. तू सांग ना."

"मी काय सांगू? मी ते निस्तं हूं म्हनू."

दोघं माझ्याकडं बघत बसली. मला सगळं येत होतं. धाकटी बहीण कोणत्या उतारानं नदी ओलांडते, नागली कोणत्या झाडाखाली पाठ फिरवून बसलीय, काय म्हटल्यावर वळून बघते, सगळं. पण मला बोटं लागतात. बोटं समोर होती आणि ती विसरली होती.

लांबून उखर्डूची हाक आली, "कोन शे रे शाळामा?"

हिलाल दचकून उठला. मला वाटलं, आता तरी मला पदराखाली घेतील. निदान फुटकी म्हणून तरी नेतील. धुरपदानं नखानं मेण काढलं, पदराच्या टोकाला बांधलं. आणि मला परत झाडाच्या खिळ्याला अडकवलं. तिनंच. मास्तरांना सरळ दिसावी म्हणून वर हात लावून नीटही केलं.

जूनमध्ये शाळा भरली. आता ठोकलं की मी थडथडते, आणि पोरं हसतात. हसू देत. तुमच्यापैकी कुणाला त्या कथेचा पुढचा तुकडा कधी कानावर पडला असेल, आजीकडून, मामाकडून, कुणाकडूनही, तर बोटांना राख लावून या. चिरेतून निघेल तेवढा आवाज अजून माझ्यात आहे. नागली पहिल्या नदीपाशी उभी आहे. तिला पलीकडचं कुणी हाक मारत नाही, आणि अलीकडं मी वाजते ती शाळा सुटल्याची.